अंगणाचे वजन

पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अंगणात सहा इंच माती पसरायची आहे, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ते काम किरकोळ वाटते. सहा इंच म्हणजे वीतभरही नव्हे. परंतु गणित मांडले की ही माती ९० घनफूट होते, म्हणजे बांधकामवाल्यांच्या मोजणीत एका ब्रासला थोडी कमी, कारण ब्रास म्हणजे १०० घनफूट. आणि कोरड्या, भुसभुशीत मातीचे ९० घनफूट तोलले तर काटा सव्वातीन टनांच्या आसपास जातो. आमच्या घरातील गाडी लहान आहे, पाच माणसांची, मागे बेताची डिकी असलेली. तिच्या पुस्तिकेत दोन आकडे छापलेले आहेत: रिकाम्या गाडीचे वजन साधारण ८५० किलो आणि माणसांसह, सामानासह चालणारे कमाल वजन १२५० किलो. या दोहोंतील ४०० किलोंचा फरक एवढीच त्या गाडीची ऐपत. त्यातून चालवणारी मी आणि गोण्या उचलायला सोबत येणारा माझा नवरा अशी दोन माणसे वजा केली, की मातीच्या वाट्याला पावणेतीनशेच्या आतच किलो उरतात. सव्वातीन टनांना त्या आकड्याने भागले की डझनभर खेपा होतात, आणि यात वाळू, खडी, खत, फरशी आणि रोपे अजून धरलेलीच नाहीत. हे सगळे कागदावर उतरल्यानंतर कोणीही शहाणा माणूस टेम्पो बोलावतो. आम्ही तो बोलावला नाही, आणि त्यामागची कारणे केवळ काटकसरीची नव्हती.

आमचे घर पुण्याच्या दक्षिण कडेला, रो-हाऊसच्या एका लहान वसाहतीत आहे. बिल्डरने अंगण म्हणून जे दिले होते ते खरे पाहता पाया खणताना निघालेला मुरूम, त्यात मिसळलेले विटांचे तुकडे, घट्ट झालेले सिमेंट, फरशीचे कपचे, आणि हे सारे झाकले जावे म्हणून वरून पसरलेला काळ्या मातीचा पातळ थर, एवढेच होते. पुण्याच्या आसपास कुठेही थोडे खणले की मुरूम लागतोच. दख्खनचा बेसॉल्ट झिजून, भुगा होऊन तो तयार होतो, आणि रस्त्याच्या भरावासाठी तो जितका चांगला तितकाच रोपांच्या मुळांसाठी निरुपयोगी. वरची काळी माती पावसात फुगून चिकटायची आणि एप्रिलमध्ये तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या. कुदळ मारली की खणखणीत आवाज येई. अशा जमिनीवर एकदम एक ब्रास माती ओतून घेण्यात अडचण अशी, की आपल्याला कोणत्या कोपऱ्यात काय हवे आहे, पाणी कुठे साचते, ऊन कुठवर येते, यातले काहीच ठाऊक नसताना सगळा निर्णय एका सकाळी होऊन जातो. टेम्पोवाला मागचे फाळके उघडतो, ढीग गल्लीत पडतो, शेजाऱ्यांच्या गाड्या अडतात, आणि संध्याकाळच्या आत तो ढीग कुठे तरी सरकवणे भाग पडते. जिथे सरकवला तिथेच मग बाग होते.

दुसरे कारण मातीच्या खरेदीत आहे. ब्रासने घेतलेली माती वरून लाल असते. आतून काय आहे ते ढीग पसरल्यावर कळते. नर्सरीत उभे राहून एकेक गोणी भरून घेताना मात्र हातात माती घेता येते, मूठ वळून पाहता येते, खडे जास्त वाटले तर दुसऱ्या ढिगाकडे बोट दाखवता येते. चार गोण्यांच्या गिऱ्हाइकाला फार मान मिळत नाही हे खरे, पण त्याला नाही म्हणण्याची मोकळीक मात्र असते.

टेम्पोला मी कमी लेखत नाही. टाटांचा ‘एस’, ज्याला आपण सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतो, तो २००५ मध्ये आला, आणि पाऊण टनाच्या आसपास माल घेऊन अरुंद गल्लीत शिरणारे चारचाकी वाहन त्याने सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणले. आज गल्लीबोळात ज्या बागा दिसतात त्यांतील बहुतेक त्याच्याच पाठीवरून आलेल्या आहेत. प्रश्न इतकाच, की पाऊण टन माती एका वेळी वापरायची आपली तयारी आहे काय.

गाडीने माल आणू लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की डोळा आकार मोजतो आणि गाडी वजन मोजते, आणि या दोघांचे क्वचितच जमते. सिमेंटच्या ५० किलोंच्या गोणीत सुमारे ३५ लिटर जागा असते. ती रिकामी गोणी त्याच पातळीपर्यंत कोरड्या मातीने भरली तर ४०-४५ किलो होते, खडीने भरली तर ५० च्या वर जाते, कोरड्या वाळूने भरली तर ५५ च्या पुढे. चारही गोण्या दिसायला सारख्या, फरक फक्त उचलणाऱ्याच्या कमरेला कळतो. त्याच गोणीत वाळलेला पालापाचोळा दाबून भरला तर लहान मूलही ती ओढत नेते. पानगळीच्या दिवसांत आम्ही डिकीपासून छतापर्यंत पाने भरून आणलेली आहेत; मागचे काही दिसत नव्हते, आरशांवर भिस्त ठेवावी लागत होती, आणि तरीही गाडीला मागे कोणी बसले आहे असेसुद्धा वाटत नव्हते. याच्या उलट जांभ्याचे चिरे. चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद आणि सात इंच जाड असा एक चिरा साधारण ३० किलोंचा असतो. असे नऊ चिरे डिकीच्या तळाशी मांडले तर डिकी निम्मीही भरलेली दिसत नाही, आणि गाडीची ऐपत मात्र तिथेच संपलेली असते. वर एवढी मोकळी जागा दिसत असताना थांबणे माणसाला फार जड जाते. “ताई, अजून दोन सहज बसतील,” असे माल देणारा म्हणतो, आणि जागेच्या हिशेबाने तो खोटे बोलत नसतो.

नर्सरीचे मामा मात्र वेगळी मोजणी करीत. सोलापूर रस्त्याने मांजरी, लोणी काळभोर ओलांडून उरुळी कांचनच्या दिशेने निघाले की दोन्ही बाजूंना नर्सऱ्यांची रांग लागते. त्यांतील एकीत आमचे जाणे-येणे झाले. गोण्या चढवल्या जात असताना मामा मागच्या चाकाशी जाऊन उभे राहत आणि टायर व त्यावरची कमान यांच्यामधल्या फटीत आडवा हात घालून पाहत. चार बोटे मोकळी शिरली तर ठीक, तीनच शिरली तर ते म्हणत, “ताई, गाडी बसली. आता बास.” पुस्तिकेतील किलोंचे आकडे आणि मामांची बोटे यांचा मेळ मी घरी येऊन घालून पाहिला, तेव्हा मामा बेताचेच सावध आहेत असे दिसले. प्रत्येक गाडीच्या स्प्रिंगांचा ताठपणा निराळा, त्यामुळे हे माप दुसऱ्याच्या गाडीला लावण्यासारखे नाही, पण आपल्या गाडीचे एकदा पाठ झाले की काट्याची गरज पडत नाही.

वजन किती, याच्या इतकेच ते कुठे ठेवले याला महत्त्व आहे. लहान गाड्यांची पुढची चाके ओढणारी असतात आणि वळवणारीही तीच. डिकीच्या अगदी मागच्या टोकाला वजन गेले की ते मागच्या आसापलीकडे लटकते, गाडीचे शेपूट खाली आणि नाक वर होते, पुढच्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि स्टिअरिंग नको तितके हलके लागते. रात्री परतताना समोरून येणारे लोक डिपर मारतात, कारण आपले दिवे रस्त्याऐवजी त्यांच्या डोळ्यांत जात असतात. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला दिव्यांचा झोत खाली करणारी एक लहान चकती असते. ती नेमकी याच कामासाठी दिलेली आहे, आणि वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या कितीतरी जणांनी तिला कधी हात लावलेला नसतो. म्हणून जड गोण्या आधी पुढच्या आसनांच्या पाठीमागे, पाय ठेवायच्या जागेत, तळाला ठेवायच्या. मग दुमडलेल्या मागच्या आसनाच्या पुढच्या भागावर. आणि डिकीच्या टोकाला पालापाचोळा, कोकोपीट, कुंड्या असला हलका माल. घरून निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, त्यांतली हवा पूर्ण भारासाठी सांगितलेल्या दाबापर्यंत भरून घ्यायची. तो आकडा बहुधा चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो आणि मागच्या चाकांसाठी तो वेगळा दिलेला असू शकतो.

ब्रेकचे गणित याहून गंभीर आहे. रिकाम्या गाडीत एकटी मी, आणि पूर्ण भरलेली गाडी, या दोन वजनांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक फरक पडतो, आणि तेवढी जास्तीची ऊर्जा प्रत्येक वेळी ब्रेकलाच जिरवावी लागते. गाडी थांबायला अंतर जास्त लागते हे चालवताना आपोआप समजते; समजत नाही ते हे, की गाडी थांबली तरी आतला सुटा माल थांबत नाही. मातीची गोणी आपल्या जागी पसरून बसते, ती फारशी हलत नाही. परंतु सुटा चिरा, दगडी गोटा किंवा भरलेली कुंडी मागे मोकळी ठेवली असेल तर ती पुढे बसलेल्यांच्या पाठीवर येते. त्यामुळे दगड नेहमी गोण्यांच्या खाली किंवा मध्ये, सर्व बाजूंनी अडकवून ठेवायचे, असा आमच्याकडे दंडक आहे. आमच्या ओळखीच्या एका काकांना दुसराच अनुभव आला. त्यांची स्टेपनी डिकीच्या तळाखाली होती आणि तळावर वाळू. हडपसरच्या पुलाजवळ चाक बसले तेव्हा रस्त्याच्या कडेला सगळ्या गोण्या उतरवल्यावाचून स्टेपनी हाताला लागेना. तेव्हापासून माल आणायला निघताना ते स्टेपनी आणि जॅक आधीच काढून पुढच्या आसनामागे ठेवतात, आणि ही युक्ती आम्ही त्यांच्याकडून उचलली. सीएनजीच्या बऱ्याच गाड्यांना हा प्रश्नच पडत नाही, कारण त्यांची डिकी टाकीनेच भरलेली असते.

गोणीविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. आपण ५० किलोंची गोणी हे जणू निसर्गाने ठरवून दिलेले माप आहे अशा रीतीने वागतो, पण बाजारात पूर्वी १०० किलोंचे पोते सर्रास पाठीवर चढत असे. पुण्यात बाबा आढाव यांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीने ज्या मागण्या दीर्घकाळ लावून धरल्या, त्यांत पाठीवरचे ओझे ५० किलोंच्या वर नसावे ही एक होती, आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर शारीरिक श्रमजीवी कामगारांसाठी वेगळा कायदा केला तो अशाच चळवळींच्या रेट्यातून. नर्सरीतला माणूस ती ५० किलोंची गोणी एका हिसक्यात खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत येतो. घरी पोहोचल्यावर तीच गोणी आम्ही दोघे मिळून उतरवतो, आणि तरी मध्ये एकदा टेकवतो. आपल्या अंगणात उतरवायला कोणी नसणार, हे ध्यानात घेऊन गोण्या भरतानाच त्या पाऊणच भरायला सांगितल्या तर माल देणारा हसतो, पण गोण्यांची संख्या वाढवून देतो. भाव गोणीवर असेल तर मात्र हा सौदा आधी बोलून घ्यावा.

मातीकडे वळते. पुण्याची काळी माती कुंडीत किंवा उथळ वाफ्यात एकटी वापरली तर दगडासारखी बसते, म्हणून इथला माळी तिच्यात लाल माती, थोडी जाड वाळू, शेणखत आणि अलीकडे कोकोपीट मिसळतो. लाल माती येते ती पश्चिमेकडून, मुळशी-मावळच्या पावसाळी पट्ट्यातून, जिथे धो धो पावसाने मातीतले विरघळणारे क्षार वाहून जातात आणि लोहाची ऑक्साइडे मागे राहून तिला रंग येतो. ती हाताळायला सुखाची असते. पाणी चटकन पिते आणि चटकन सोडते. पण तिच्या प्रत्येक गोणीमागे कुठला तरी उतार खरवडला गेलेला असतो, आणि इंचभर माती तयार व्हायला शतके लागतात, हे एकदा मनात आले की हात आखडतो. आमच्या अंगणात सहा इंच लाल माती शेवटी पडलीच नाही. तीन-साडेतीन इंचांवर आम्ही थांबलो आणि उरलेली उंची पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि शेणखत यांच्या खताने हळूहळू भरत गेलो. छोट्या गाडीचा यात मोठा वाटा आहे. एका फेरीत सव्वातीन टन आले असते तर हा विचार करायला वेळच मिळाला नसता.

वाळूचा विषय याहून नाजूक आहे. नदीकाठी सहज गेलो आणि डिकीत दोन गोण्या वाळू, चार गोटे टाकून आणले, असे सांगणारी माणसे भेटतात, आणि त्यात आपण काही वावगे केले असे त्यांना वाटत नाही. वाळू, मुरूम, खडी ही कायद्याच्या भाषेत गौण खनिजे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली ती विनापरवाना काढली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही सरकारजमा होऊ शकते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातील उपशालाही पर्यावरणीय परवानगीच्या कक्षेत आणले ते याच कारणाने, की थोडे थोडे करून नदीचे पात्रच नाहीसे होते. आम्ही वाळूऐवजी दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू, जिला दुकानदार क्रश सँड म्हणतात, ती पावतीसह घेतली. रोपांसाठी ती घेताना तिच्यातला बारीक चुरा चाळून काढावा लागतो, नाही तर तो मातीत सिमेंटसारखा घट्ट होतो. अंगणात चाळण लावून उभे राहणे कंटाळवाणे काम आहे, पण चाळलेला चुरा फरशीखालच्या भरावात कामी येतो.

कोकोपीट ही छोट्या गाडीवाल्यांवर कोणी तरी केलेली कृपाच आहे. नारळाच्या सोडणातील भुसा दाबून त्याची पाच किलोंची वीट करतात, आणि ती बादल्या-बादल्या पाणी पिऊन ७० लिटरच्या आसपास फुगते. म्हणजे दोन गोण्यांचा ऐवज मांडीवर घेऊन येता येतो, आणि वजन वाढवणारे पाणी आपल्या घरच्या नळाचे. याच न्यायाने माती उन्हाळ्यात आणावी. मे महिन्यात चाळीस-पंचेचाळीस किलो भरणारी गोणी जूनच्या दोन सरींनंतर पंचावन्नच्या घरात जाते, आणि ते वरचे दहा किलो आपण पेट्रोल जाळून, पैसे मोजून आणलेले पावसाचे पाणी असते. शेणखताचेही तसेच. पुरते कुजलेले, वर्षभर पडून कोरडे झालेले शेणखत हलके असते आणि त्याला जवळजवळ वास नसतो. ओले, गरम शेणखत जड असते, रोपांची मुळे जाळते आणि आठवडाभर गाडीत आपली आठवण ठेवून जाते. आमच्या मुलीची शाळेची बस चुकली की तिला गाडीने सोडावे लागे, त्यामुळे शेणखत कधी आणायचे यावर घरात तिचे मत सर्वांत वजनदार होते.

शहाबादी फरशी मी कोरी, न घासलेली घेतली. कर्नाटकातील शहाबादच्या परिसरात निघणारा हा करडा चुनखडक पुण्यातील जुन्या घरांच्या अंगणात आणि मोऱ्यांत सगळीकडे दिसतो. दोन बाय दोन फुटांची, इंचभर जाडीची फरशी २५ किलो भरते, आणि ती नेताना आडवी ठेवण्याचा मोह होतो, कारण आडवी ठेवली की ती बसलेली वाटते. प्रत्यक्षात आडव्या फरशीच्या मधोमध आधार नसेल तर रस्त्याच्या एका गतिरोधकावर तिचे दोन तुकडे होतात. ती कडेवर उभी करायची, प्रवासाच्या दिशेने तोंड करून, दोन फरश्यांमध्ये गोणपाट घालून, आणि मातीच्या गोण्यांनी दोन्ही बाजूंनी आवळून टाकायची. बांबूंची गोष्ट वेगळी, ते वजनाला काहीच नसतात आणि लांबीला अडतात. जाईच्या मांडवासाठी आम्हाला दहा फुटी बांबू हवे होते; सात फुटांवर समाधान मानले, आणि जाईची त्याबद्दल काही तक्रार नाही.

रोपांना जागा लागते ती अंगाने आणि उंचीने. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, तिथून बाहेर पडणाऱ्या गाड्या पाहिल्या तर निम्म्या गाड्यांच्या खिडक्यांतून फांद्या बाहेर डोकावत असतात. दिसायला ते फार आनंदाचे दृश्य असते, पण साठच्या वेगाने येणारा वारा कोवळ्या पानांतले पाणी शोषून घेतो आणि घरी पोहोचेपर्यंत शेंडा मान टाकतो. सोनचाफा, बकुळ यांसारखी उंच रोपे आडवी, शेंडा पुढे आणि पिशवी डिकीकडे अशी ठेवावीत, खिडक्या बंद ठेवाव्यात, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नर्सरीत त्यांना पाणी द्यायला सांगावे. निघताना दिलेले पाणी फक्त गाडीत सांडते.

चिऱ्यांची हकिकत सासूबाईंची आहे. त्यांचे माहेर चिपळूणकडचे, आणि पुण्यातल्या वीटबंदी वाफ्यांकडे पाहून त्या पुन्हा पुन्हा म्हणत, “वाफ्याला कड हवी ती चिऱ्याची. वीट काय, पावसात पोपडे धरते.” पुण्यात चिरे मिळतात, पण त्यांना ते माहेरच्या खाणीतलेच हवे होते. ताज्या कापलेल्या चिऱ्याला कोयतीने आकार देता येतो आणि हवेत राहून तो कठीण होतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. मला ते पुस्तकातून कळले. चिपळूणहून पुण्याला येताना कुंभार्ली घाट चढून पाटण, कऱ्हाड करीत महामार्गाला लागायचे. गाडीत आम्ही दोघे, मागे एका बाजूचे आसन दुमडून तिथे चिरे, दुसऱ्या बाजूला सासूबाई आणि त्यांच्या पायाशी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून आणवलेले आंब्याचे कलम. माणसांची संख्या वाढली की चिऱ्यांची कमी करावी लागते, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. “मी काय एवढी जड आहे?” असे त्यांनी विचारल्यावर माझ्या नवऱ्याने खिडकीबाहेर पाहणे पसंत केले. शेवटी सहा चिरे आले. घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जाता येईना, एसी बंद करावा लागला, आणि मागून येणारी एसटी आम्हाला बराच वेळ सोबत करीत राहिली. उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा नियम भरलेल्या छोट्या गाडीला अधिकच लागू पडतो. आता ते सहा चिरे कलमाभोवती आहेत, आणि त्यांच्या भोकांत शेवाळ धरले आहे.

मालाबरोबर न मागवलेलेही बरेच काही येते. डोंगळे, गोमी, एकदा विंचवाचे पिल्लू. हे दिसतात आणि त्यांचा बंदोबस्त होतो. बियाणे आणि कंद दिसत नाहीत. लव्हाळ्याचा हरभऱ्याएवढा कंद एका गोणीतून आला तर वर्षभरात वाफाभर होतो, आणि उपटताना वरचा भाग हातात येऊन खालची साखळी जमिनीतच राहते. ज्याला आपण गाजरगवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो त्याची भारतातील पहिली ठळक नोंद पुण्यातच १९५५ च्या सुमाराची आहे, आणि ते परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर आले असे मानले जाते. म्हणजे जहाजाने जे केले तेच आपण डिकीने करीत असतो, फक्त लहान प्रमाणावर. यावर एकच उपाय मला परवडला: आलेली माती लगेच वाफ्यात न टाकता एका कडेला पसरून, पाणी शिंपून दोन-तीन आठवडे ठेवायची, उगवेल ते उगवू द्यायचे, उपटायचे, आणि मगच वापरायची. थोडा थोडा माल आणणाऱ्यालाच हे जमते. आणलेले संपेपर्यंत पुढची खेप नाही, हा नियम आम्हाला यातूनच लागला.

त्या नियमाने अंगणाचा नकाशा बदलला. पहिल्या पावसात पाणी आम्ही धरले होते त्या बाजूला न जाता भिंतीकडे साचले. तिथे तोवर माती पडलेली नव्हती, म्हणून फरशीची पायवाट त्या बाजूने वळवून तिच्याखाली राडारोड्यातलेच दगड आणि विटांचे तुकडे भरता आले. जे बाहेर नेऊन टाकायला आणखी खेपा लागल्या असत्या ते तिथेच मुरले. तगर आणि अनंत यांच्या जागा बदलल्या, कारण समोरच्या इमारतीची सावली डिसेंबरात कुठवर येते ते आम्हाला डिसेंबर आल्यावरच कळले. हिरवळीचा विचार पुढच्या खेपेवर ढकलता ढकलता सुटून गेला, आणि तिची जागा कोथिंबीर, मायाळू आणि गवती चहाने घेतली.

सध्या घरात वाद आहे तो दगडी डोणीचा. नवऱ्याच्या मावशीच्या वाड्यात गुरांना पाणी पाजायची एक जुनी डोणी पडून आहे, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, काळ्या बेसॉल्टची, आणि ती आमच्या अंगणात कमळासाठी न्यावी असे मावशींनी स्वतःहून सुचवले आहे. मी मापे घेऊन हिशेब केला: बाहेरचा आकार साडेचार घनफूट, आतला पोकळ भाग वजा करता उरलेला दगड, आणि बेसॉल्टचे घनमीटरला २९०० किलो. उत्तर सव्वादोनशेच्या थोडे पुढे येते, म्हणजे कागदावर ती आमच्या गाडीत बसते, चालवणारी आणि सोबतचा धरूनसुद्धा. परंतु आजवर जे आणले ते सगळे सुटे होणारे होते, गोणी-गोणीने, चिऱ्या-चिऱ्याने वाटून ठेवता येणारे. डोणीचा सगळा भार एका जागी येणार, ती आसापुढे सरकवता येणार नाही, आणि आमच्या दारात ती उतरवायची कोणी हा प्रश्न उरतोच. सासूबाईंचे म्हणणे असे, की एवढे सगळे या गाडीने आणले तर डोणीनेच काय घोडे मारले आहे. मी टेम्पोवाल्याशी बोलले आहे. चार माणसे, दोन लाकडी वासे आणि सुंभाचा दोर तो बरोबर घेऊन येतो, आणि दिवाळीनंतरची तारीख त्याने दिली आहे.